प्रतिजैविक द्यावे का? थेंबभर रक्ताची साक्ष

सर्दी, घसादुखी आणि छातीतला खोकला ही बहुतेक वेळा विषाणूंची करणी असते, आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही. अडचण ही, की जिवाणूंमुळे होणारा न्यूमोनियाही सुरुवातीला ताप आणि खोकला घेऊनच येतो. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे प्रतिजैविक हवेच, हा समज रुग्णांत आहे आणि काही डॉक्टरांतही. तो रंग जिवाणूंचा नसतो. संसर्गाच्या जागी धावून आलेल्या पांढऱ्या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज नावाचे हिरवट विकर असते, त्याचा तो रंग. आणि या पेशी विषाणूंच्या संसर्गातही येतात. श्वासाची गती, नाडी, ताप आणि स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारे आवाज यांवरून बऱ्याच रुग्णांचा निकाल लागतो. शीघ्र चाचण्यांचा उपयोग उरलेल्या संदिग्ध रुग्णांसाठी असतो.

यातल्या काही चाचण्या थेट जंतूचा माग काढतात. ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकस घशात आहे का, हे काडीवर घेतलेल्या नमुन्यावरून पाच-दहा मिनिटांत कळते. संधिवाती ताप आणि त्यातून होणारा हृदयाच्या झडपांचा आजार टाळण्यासाठी याच जिवाणूवर वेळीच पेनिसिलिन द्यावे लागते. जंतूंचे जनुकीय द्रव्य ओळखणाऱ्या पीसीआर तंत्रावर चालणारी यंत्रे तासाभरात वीसेक श्वसनजंतू तपासतात. पण विषाणू सापडला म्हणून जिवाणू नाहीच, असे ठरत नाही. फ्लूच्या पाठोपाठ न्यूमोकॉकस या जिवाणूचा न्यूमोनिया होतो, हे डॉक्टरांना ठाऊक असते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या रुग्णालयात झालेल्या अभ्यासात असे यंत्र वापरूनही प्रतिजैविक मिळालेल्या रुग्णांचे एकूण प्रमाण जवळपास जैसे थे राहिले. अनेकांना निकाल येण्याआधीच औषध सुरू झाले होते.

दुसरा मार्ग शरीराची प्रतिक्रिया मोजण्याचा. त्यातली सर्वांत परिचित चाचणी सीआरपीची, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनची. हे प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात आढळले. संसर्गाचा इशारा मिळाला की यकृत ते बनवू लागते. काही तासांत पातळी चढते, दोनेक दिवसांत शिखर गाठते आणि कारण संपले की झपाट्याने उतरते. जिवाणूंच्या गंभीर संसर्गात ती विषाणूंच्या संसर्गापेक्षा सहसा खूप जास्त चढते. बोटाला सुई टोचून काढलेल्या थेंबावर काही मिनिटांत आकडा मिळतो.

उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१४ मध्ये न्यूमोनियाचे निदान स्पष्ट नसलेल्या प्रौढांसाठी ढोबळ उंबरठे दिले. लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर प्रतिजैविक सरसकट देऊ नये. १००च्या वर असेल तर द्यावे. मधल्या पट्ट्यात औषधाची चिठ्ठी द्यावी, पण त्रास वाढला तरच ते घ्यायला सांगावे. मधला पट्टा चांगलाच रुंद आहे. फ्लू आणि अ‍ॅडिनोव्हायरसमध्येही आकडा तिथवर पोहोचतो, आमवातात संसर्ग नसतानाही वाढतो, आणि आजाराच्या पहिल्या काही तासांत न्यूमोनियातही कमी दिसू शकतो. म्हणून धाप लागलेल्या किंवा ग्लानी आलेल्या रुग्णाला केवळ आकडा कमी म्हणून घरी पाठवता येत नाही.

तरीही फरक पडतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिएतनाममधील अभ्यासात सीआरपी चाचणीमुळे प्रतिजैविक घेणाऱ्यांचे प्रमाण ७८ वरून ६४ टक्क्यांवर आले. सीओपीडीचा (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराचा) त्रास उसळलेल्या ब्रिटनमधील रुग्णांत ते ७७ वरून ५७ टक्क्यांवर आले, आणि त्यांची प्रकृती अधिक बिघडली नाही. नेदरलँड्समधील २००९च्या अभ्यासाने मात्र वेगळीच बाजू दाखवली. तेथे सीआरपी वापरणाऱ्या डॉक्टरांनी ३१ टक्के रुग्णांना प्रतिजैविक दिले, न वापरणाऱ्यांनी ५३ टक्के. ज्या डॉक्टरांना रुग्णाशी नीट बोलण्याचे प्रशिक्षण मिळाले होते, त्यांचे प्रमाण २७ टक्के होते. म्हणजे यंत्राच्या आकड्याइतकेच काम खोकला साधारण अडीच आठवडे रेंगाळतो हे समजावून सांगण्यानेही होते. प्रोकॅल्सिटोनिन या दुसऱ्या, अधिक महागड्या चाचणीने स्वित्झर्लंडमध्ये औषधाचे दिवस घटवले. अमेरिकेतील १४ रुग्णालयांत २०१८च्या अभ्यासात तसे काही दिसले नाही.

भारतात या चाचण्यांपुढे निराळी अडचण आहे. निर्णय डॉक्टर घेणार, असे त्या गृहीत धरतात. इथे मात्र अनेकदा चिठ्ठीवाचूनही गोळी मिळते. २०१४ पासून लागू झालेल्या औषध नियमांतील ‘एच-१’ अनुसूचीनुसार त्यातील औषधांच्या विक्रीची नोंद तीन वर्षे जपावी लागते, पण अ‍ॅझिथ्रोमायसिन त्या यादीबाहेर राहिले. शिवाय इथे दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याचा प्रश्न सीआरपीवर सोडताच येत नाही. तिथे क्षयासाठी थुंकीची तपासणी करावी लागते, आणि त्याआधी लिव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध पोटात गेले तर क्षय काही काळ झाकला जाऊन निदान लांबते.