संगणक-जाळ्यांतील वाहतूक : मार्ग कोण ठरवितो?

ठाणे ते दिवा हा लोहमार्ग कल्याण-डोंबिवलीच्या प्रवाशांना चांगलाच परिचित आहे. या पट्ट्यात जलद लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या एकाच मार्गावरून धावत व एकमेकींचा खोळंबा करीत. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी पाचव्या व सहाव्या मार्गिकेचे उद्घाटन झाले आणि या दोन वाहतुकी वेगळ्या करणे शक्य झाले. केवळ रूळ टाकून भागत नाही. कोणती गाडी कोठून न्यावयाची याचे धोरणही आखावे लागते. संगणक-जाळ्यांनाही हाच नियम लागू पडतो.

निवडीचे निकष

इंटरनेट हे एकसंध जाळे नसून हजारो स्वायत्त जाळ्यांचा समूह आहे. आपल्यामार्फत कोणते पत्ते गाठता येतील, हे प्रत्येक जाळे शेजारच्या जाळ्यांना कळविते. त्यासाठी १९८९ मध्ये प्रथम मांडला गेलेला ‘बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल’ हा संकेत वापरला जातो. अनेक मार्ग उपलब्ध असता निवड केवळ अंतरावरून होत नाही. सामान्यतः स्वतःच्या ग्राहकाकडून आलेल्या मार्गास प्रथम पसंती मिळते, त्यानंतर विनामोबदला देवाणघेवाण करणाऱ्या जाळ्याच्या मार्गास, आणि पैसे मोजावे लागणाऱ्या मार्गास शेवटी.

या आर्थिक गणिताचा परिणाम दूरवर पोहोचतो. डोंबिवली व ठाणे येथील दोन ग्राहकांच्या सेवा-कंपन्या देशात परस्परांशी जोडलेल्या नसतील, तर त्यांचा संदेश परदेशाची वारी करून येऊ शकतो. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही खर्ची पडतात. हे टाळण्यासाठी २००३ मध्ये ‘नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया’ची स्थापना झाली. देशांतर्गत वाहतूक देशातच राहावी, हा तिचा हेतू.

चुकीच्या सूचनेचा धोका

ही व्यवस्था मुख्यतः परस्पर विश्वासावर उभी राहिली. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील दूरसंचार कंपनीने ‘यूट्यूब’ देशापुरते बंद करण्यासाठी काढलेली मार्गसूचना सीमेबाहेर गेली. ती अधिक नेमक्या पत्त्याची असल्याने इतर जाळ्यांनी ग्राह्य धरली आणि जगातील अनेक भागांत ती सेवा सुमारे दोन तास खंडित झाली.

म्हणूनच ग्राहकाकडून येणारी प्रत्येक सूचना गाळून घेणे आणि पत्त्यांच्या मालकीचा अंकीय दाखला तपासणे, हे उपाय आता अवलंबिले जातात. बँका, रुग्णालये व शासकीय सेवा ज्या जाळ्यांवर विसंबून आहेत, त्यांच्या बाबतीत ही दक्षता अनिवार्यच म्हणावी लागेल.