डागडुजी निराळी, नवी बांधणी निराळी

हल्लीं गांवोगांवीं एक तक्रार ऐकूं येते. काल रात्रीपर्यंत सुरळीत चालणारा संगणक अगर मोबाईल सकाळीं उघडावा, तों त्याचें रूपच पालटलेलें असतें. नेहमींचीं बटणें जागेवर नसतात आणि दोन मिनिटांच्या कामास अर्धा तास लागतो. दुकानदारास विचारावें तर तो म्हणतो, "अपडेट आलें आहे." चार वर्षांनीं तोच सांगतो, "यावर आतां अपडेट येत नाहीं, नवा घ्या." अपडेट आलें तरी त्रास व न आलें तरी त्रास, असा हा पेंच आहे. त्याचें मूळ कशांत आहे व शेतकऱ्यानें काय करावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

यंत्राच्या सर्व भागांकडून काम करून घेणारी जी मुख्य आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. संगणकांत ती बहुधा विंडोज असते व मोबाईलमध्यें बहुधा अँड्रॉइड. बाकीचीं सर्व अ‍ॅपें तिच्याच आधारावर चालतात. म्हणून ती हालली कीं सारा कारभार हालतो.

तिच्यांत होणारे फेरफार वस्तुतः दोन जातींचे आहेत. पहिली जात डागडुजीची. पावसाळ्यापूर्वीं आपण घर शाकारतों, त्याप्रमाणें आज्ञावलींतील छिद्रें बुजविणें हें तिचें काम. ही टाळणें धोक्याचें आहे. मे २०१७ मध्यें वानाक्राय नांवाचा उपद्रव सुमारें १५० देशांत पसरला. तो संगणकांतील कागदपत्रें कुलूपबंद करी व खंडणी मागे. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांचें कामही त्यानें विस्कळित केलें. वास्तविक त्या छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीनें त्याच वर्षीं मार्चमध्यें दिली होती. ती ज्यांच्या यंत्रांत पोंचली नव्हती, तीं यंत्रें सांपडलीं.

दुसरी जात नव्या बांधणीची. येथें छिद्र बुजवावयाचें नसून घराचीं दारें व खिडक्याच हलवावयाच्या असतात. २०१२ सालीं विंडोज ८ मध्यें सर्वांच्या हाताखालचें स्टार्ट बटण काढून टाकलें. ओरड झाली, तेव्हां २०१३ सालीं ८.१ मध्यें तें परत आणावें लागलें. ऑक्टोबर २०१८ मध्यें विंडोज १० च्या नव्या आवृत्तीनें कांहीं लोकांचीं साठविलेलीं कागदपत्रेंच नाहींशीं झालीं आणि कंपनीस तें वाटप थांबवावें लागलें.

महसुली दप्तराचें उदाहरण घेतां येईल. सातबाऱ्यांत वारस, खरेदी, बोजा यांच्या नोंदी नित्य होतात; त्या न झाल्या तर अनर्थ होईल. परंतु नमुना मात्र वर्षानुवर्षें टिकतो, म्हणूनच खातेदारास आपला उतारा वाचतां येतो. नोंद व नमुना हे दोन्ही दरवर्षीं एकदम बदलूं लागले, तर उतारा कोणास कळेल?

संगणकाच्या व्यवहारांत नेमकें हेंच घडतें. दोन्ही फेरफार एकाच गाठोड्यांत बांधून येतात. नवी बांधणी नको म्हणावें, तर कांहीं काळानें डागडुजीही बंद होते. विंडोज १० ही २०१५ सालीं आली व १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिची नित्याची डागडुजी थांबली. विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळें धडधाकट यंत्रेंही अपात्र ठरलीं. कंपनीनें घरगुती ग्राहकांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा मुदत देऊं केली. पण मुदत म्हणजे उत्तर नव्हे.

मोबाईलची गति याहून जलद आहे. अँड्रॉइडची नवी आवृत्ति साधारणतः दरवर्षीं निघते, व स्वस्त मोबाईलांस तिचा लाभ थोडींच वर्षें मिळतो. पुढें अ‍ॅपेंही जुन्या आवृत्तीची साथ सोडतात. आपल्या राज्यांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून, छायाचित्रासह व ठरल्या मुदतींत करावयाची असते. ऐन मुदतींत मोबाईलनें दगा दिला, तर नोंद राहते व पुढें नुकसानभरपाईच्या वेळीं तोंड कोरडें पडतें.

कंपन्यांची बाजूही ऐकिली पाहिजे. अनेक जुन्या आवृत्त्या सांभाळण्यास माणसें व पैसा लागतो, आणि सुरक्षेच्या कांहीं सोई नव्या यंत्रांतच बसतात. हें खरें; तथापि मुदत लांबविणें अशक्य नाहीं. उबुंटु या लिनक्सच्या सिस्टिमची दर दोन वर्षांनीं निघणारी दीर्घ मुदतीची आवृत्ति पांच वर्षें डागडुजी पुरविते. युरोपीय संघानें २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला आहे कीं, मोबाईलची विक्री थांबल्यावरही किमान पांच वर्षें त्यास अपडेटें मिळावीं.

तूर्त शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी संभाळाव्या. यंत्र घेतांना किंमतीबरोबर डागडुजी कोणत्या सालापर्यंत मिळेल, हें विचारावें व तें लेखी मागावें. सुरक्षेचें अपडेट विनाविलंब घ्यावें. नवी आवृत्ति मात्र महिना दोन महिने इतरांचा अनुभव पाहून घ्यावी; विंडोजमध्यें अपडेट कांहीं आठवडे थांबविण्याची सोय आहे. पीक पाहणी अगर कर्जाचें नवें-जुनें चालू असतां ती मुळींच घेऊं नये. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत यंत्राबाहेर ठेवावी. डागडुजी बंद झालेल्या यंत्रावरून बँकेचा व्यवहार करूं नये. त्यावर लिनक्स चालते कीं काय, हें जाणत्याकडून पाहून घ्यावें, म्हणजे चांगलें यंत्र अडगळींत पडणार नाहीं.

एकट्या गिऱ्हाइकाचें कोणी ऐकत नाहीं. याकरितां संस्थांनीं हा प्रश्न हातीं घ्यावा. मागणी सोपी आहे: यंत्र चालेल तोंवर डागडुजी मिळावी, आणि नवी बांधणी घेणें न घेणें धन्याच्या मर्जीवर असावें. घर शाकारणाऱ्यास घर पाडण्याचा अधिकार आपण देत नाहीं. येथेंही तो देण्याचें कारण नाहीं.