नफा कुणाच्या पदरात?

मैत्रिणींनो, गटाचा व्यवसाय म्हटलं की काय बनवायचं, कुठं विकायचं यावर आपण खूप बोलतो. पण मालक कोण, नफा कुणाचा, हे आधी ठरवतो का?

लिज्जत पापडाचंच बघा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. देणगी मागायची नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलं.

तिथं पापड लाटणारी बाई मजूर नसते, मालकीण असते. पीठ केंद्रावर एकत्र मळतात, म्हणून चव सारखी राहते. बहिणी ते घरी नेतात आणि लाटून, वाळवून केंद्रावर जमा करतात. घर, लेकरं सांभाळून काम होतं. लाटण्याची मजुरी मिळते, शिवाय नफ्यातही वाटा. तोटा झाला तर तोही सगळ्यांचा.

म्हणजे समाजसेवा वेगळी करावी लागली नाही. धंद्याची रीतच तशी ठेवली.

आपल्याकडे मसाला असो की शेवया, पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा: मजुरीचा दर काय, नफा कसा वाटायचा, तोटा आला तर कुणी किती सोसायचा. जिच्याकडे पैसा नाही, फक्त कष्ट आहेत, त्या ताईचाही वाटा धरा. आणि ठराव वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. पैसा आल्यावर ठरवायला बसलं, की भांडणं होतात.