फोर्ट्रानला नवी पोरं कुठून येणार?

फोर्ट्रान मेली, अशी आवई मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. तिच्या मयताला इतक्यांदा गेलोय, की आता नुसता चहा पिऊन परत येतो. 1957 साली जॉन बॅकसच्या गटाने आयबीएम 704 साठी ती आणली; पुढे 66, 77, 90 पासून 2023 पर्यंतची मानकं आली, त्यांचा पाढा कशाला? नावं सहा अक्षरांत कोंबणं आणि सातव्या रकान्यापासून ओळ सुरू करणं 90 ने संपवलं. आमच्या पायथनभक्तांना मात्र हे अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. शिव्या सगळ्या 77 ला. ते पायथनमध्ये समीकरणं सोडवतात तेव्हा खाली बहुधा लॅपॅक हे रेषीय बीजगणिताचं पॅकेज राबत असतं, तेही मूळचं फोर्ट्रानच. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेतली मोठी मॉडेल्सही याच भाषेतली.

नवी माणसं आणायचा नेटका प्रयत्न 2020 मध्ये झाला. ऑन्द्रेय चेर्टीक, मिलान चुरचिच आणि मंडळींनी फोर्ट्रान-लँग उभं केलं, एफपीएम हा पॅकेज मॅनेजर आणला, सामाईक लायब्ररी लिहायला घेतली. 2021 पासून गूगल समर ऑफ कोडमधून विद्यार्थी आले, त्यांत भारतीयही होते. उत्तमच.

पण घोडं पेंड खातं ते पुढे. पोरं भाषेकडे येत नाहीत, कामाकडे येतात. आणि ते काम डोळ्यांना दिसावं लागतं. या बाबतीत खडकवासल्याइतकी नशीबवान जागा मला दुसरी ठाऊक नाही. सीडब्ल्यूपीआरएस, म्हणजे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था, 1916 पासूनची. तिथे शेडमध्ये बंदरंच्या बंदरं मांडलेली, त्यांत भरती-ओहोटी सोडतात, आणि पाणी पुरेसं खोल राहावं म्हणून उंचीचं प्रमाण मुद्दाम वाढवतात. दुसरीकडे संगणकावर टेलिमॅक, पाण्याच्या प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर. फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीत 1987 पासून घडलेलं, 2010 पासून खुलं, आणि बहुतेक सगळं फोर्ट्रानमध्ये. त्यात वापरणाऱ्याने आपल्या जागेपुरती एखादी सबरुटीन उचलून बदलायची सोय आहे: तळाच्या पातळ्यांसाठी कॉरफॉन, घर्षणासाठी स्ट्रचे. नवशिक्याला आत शिरायला याहून सोपं दार नाही.

मी नव्या पोरांना आधी शेडमध्ये नेत असे. पाण्यावर कागदाचे कपटे सोडायचे आणि बंधाऱ्यामागचा भोवरा बघत उभं राहायचं. मग तेच बंदर पडद्यावर. व्हिस्कॉसिटीचा आकडा जरा सढळ धरला की पडद्यावरचा भोवरा विरतो, शेडमधला मात्र गरगरत असतो. तो विरला का, हे शोधायला पोरगं आपण होऊन सोर्स उघडतं. त्यासाठी कार्यशाळा, प्रमाणपत्रं, टी-शर्ट काही लागत नाही.

'सगळं नव्याने लिहा' म्हणणाऱ्या पंथाशी माझं कधीच जमलं नाही. जुन्या कोडमधली एखादी विचित्र अट ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलासाठी असते. नव्याने लिहिणारा ती कचरा समजून काढतो आणि संध्याकाळी पाण्याची खोली उणे निघते. ती अट कशासाठी हे शेड पाहिलेल्याला कळतं, पण हल्ली तर शेडही कुणी दाखवत नाही. लॅपटॉप देतात, जाडजूड पीडीएफ देतात. कंपाइल होईस्तोवर कराराची मुदत संपते आणि पोरगं हिंजवडी गाठतं.

सरावाचं कामही डोळ्यांपुढचं नसतं: टेलिमॅकबरोबर मालपासेचं उदाहरण मिळतं. दक्षिण फ्रान्समधलं ते धरण 2 डिसेंबर 1959 रोजी फुटलं. आमच्याकडे 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि पुण्याच्या पेठा बुडाल्या. पुण्याच्या मुलाने पहिला धडा परक्या नदीवर का गिरवावा? आंबी-मुठेचे जुने छेद, फुटण्याच्या वेळा, पेठांतल्या भिंतींवरच्या पूररेषा जमवून पानशेतचं उदाहरण रचायला एम.टेक.च्या एका विद्यार्थ्याचं वर्ष पुरे. हे मी प्रत्येक चर्चासत्रात सांगतो. माना डोलतात, मग जेवणाची सुट्टी होते.