आईच्या जेवणाच्या वह्या

आईचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन एप्रिल 2019 मध्ये नागपूरला झालं. मृग बहाराच्या संत्र्याचे पैसे हाती आले होते, म्हणून तेव्हा. उंची पाच फुटांच्या आतच, वजन 98 किलो, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, साखरेच्या गोळ्या वर्षागणिक वाढत चाललेल्या. तिच्या जेवणाच्या नोंदींच्या वह्या कपाटात एकावर एक रचून ठेवल्या होत्या. यंदा सवडीनं मी त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. वाचून एक गोष्ट मनात पक्की झाली. पहिल्या वर्षी जे वजन उतरलं ते ऑपरेशनमुळे. वहीचं खरं काम दुसऱ्या वर्षानंतर सुरू झालं, आणि नेमकं तेव्हाच लिहिण्याचा कंटाळा येतो.

आमचं मोहगाव मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यातलं. बाजार सौंसरचा, दवाखाना नागपूरचा, बोली वऱ्हाडाच्या अंगानं जाणारी आणि सरकारी कागद हिंदीतले. मोठ्या दुखण्याला सौंसर, सावनेर करत नागपूर गाठायचं हे इथल्या पिढ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. 2011 मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. नागपूरकर माणूस, खाण्याचा शौकीन, त्यामुळे आमच्याकडे चावडीवरसुद्धा त्याची चर्चा झाली होती. तरीही आईच्या वेळी शेजारपाजार हळहळलाच. ‘पोट कापून आणलं बिचारीचं’ असं बायका आमच्या ओसरीवर बसून बोलत. काही जणांना तो आळशाचा मार्ग वाटला. पहिली वही ज्यांनी पाहिली असती, त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला नसता.

आईचं ऑपरेशन स्लीव्ह प्रकारचं होतं. यात जठराचा बाहेरच्या बाजूचा, तीन-चतुर्थांशाहूनही मोठा भाग काढून टाकतात आणि एक अरुंद उभी नळी तेवढी ठेवतात. काढलेल्या भागात भुकेची जाणीव करून देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. म्हणजे जागाही कमी होते आणि भूकही मंदावते. पुढचा क्रम ठरलेला: आधी नुसतं पातळ, मग घट्टसर पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी घरातलं रोजचं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं आणि दीड-दोन लिटर पाणी, तेही घोटाघोटानं.

आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता इंग्रजीत होता. आईचं माहेर नरखेडचं, शाळा मराठी चौथीपर्यंतची. मी तो तक्ता वाटी, पळी, चमचा, मूठ अशा मापांत उतरवून दिला आणि लांबट वहीत रकाने आखून दिले. लिहायचं तिचं तिनं. दुधाचा हिशेब ती आयुष्यभर कालनिर्णयच्या चौकटीत लिहीत आली होती, त्यामुळे रोज दोन शब्द टिपून ठेवणं तिला नवं नव्हतं. पहिल्या पानावरची नोंद अशी आहे: ‘सकाळी 7. वरणाचं पाणी चार घोट. 8. ताक पातळ अर्धी वाटी, संपायला पाऊण तास. 10. नारळपाणी, नको वाटलं.’ अर्धी वाटी ताकाला पाऊण तास! ज्या घरात पाटोडीचा रस्सा पातेल्यानं होतो आणि पाहुण्याला तिसरी भाकर वाढल्याशिवाय चैन पडत नाही, त्या घरच्या बाईनं हे लिहिलं आहे. गल्लीतली एक मावशी विचारायची, ‘काहून वो, परीक्षा आहे का तुमची?’ आई मान हलवून लिहीत राहायची.

पोळ्याची नोंद मला पाठच झाली आहे. 30 ऑगस्ट 2019. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार यात्रा, म्हणून घरात पाहुणे. ‘पुरण दोन चमचे, तूप. घाम सुटला. छातीत धडधड. निजली.’ याला डॉक्टर डम्पिंग म्हणतात. जास्त गोड पदार्थ जठरात न थांबता भराभर लहान आतड्यात उतरला की शरीराची अशी तारांबळ उडते. जठराचा बायपास केलेल्यांना हे अधिक होतं, पण स्लीव्हनंतरही काहींना होतं. घरात कुणी तिला आग्रह केला होता का, हे वहीत नाही. पण त्यानंतरच्या सणांना ‘वाढलं होतं, बाजूला केलं’ असे शब्द येतात. आमच्याकडे ताटातलं बाजूला करणं म्हणजे वाढणाऱ्याचा अपमान. त्या चार शब्दांसाठी तिला किती बळ लागलं असेल, ते मला वही वाचताना कळलं.

चौथ्या-पाचव्या महिन्यात केसांचे पुंजके निघू लागले. वजन झपाट्यानं उतरताना हे होतंच, पण प्रथिनं कमी पडली तर जास्त होतं. वही उघडून हिशेब केला तर गोष्ट उघडी पडली. आई माळकरी, अंडंसुद्धा नाही. वरण ती रोज लिहीत होती, आणि सगळ्यांना वाटत होतं की वरण म्हणजे प्रथिनं. पण चार चमचे पातळ वरणात असतं किती? दोन-तीन ग्रॅम. पनीर, घट्ट दही आणि सोयाबीनच्या वड्या आल्या त्या यानंतर. कोरड्या वड्यांत वजनाच्या जवळपास निम्मी प्रथिनं असतात, आणि सोयाबीन तर आमच्या शेतांत पिकणारं. भिजवून, वाटून, बेसनात मिसळून तिनं त्याचा झुणका केला. तो घरात सगळ्यांना आवडला, हे वेगळंच.

पोटात जाणारं मोजण्याचा नाद माणसाला जुनाच आहे. इटलीत पादुआच्या सान्तोरिओ नावाच्या वैद्यानं तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षं स्वतःचं वजन, खाणं-पिणं आणि बाहेर पडणारं सगळं मोजलं, आणि 1614 मध्ये त्यावर ग्रंथ छापला. अलीकडचा दाखला 2008 चा. अमेरिकेत सुमारे 1,700 जणांवर झालेल्या अभ्यासात, रोज खाणं लिहून ठेवणाऱ्यांचं वजन न लिहिणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट घटलं. ते लोक ऑपरेशन झालेले नव्हते, म्हणून तो आकडा जसाच्या तसा आईला लावता येणार नाही. पण लिहिण्यानं नेमकं काय साधतं, ते आमच्या वह्यांत दिसतं: तोंडात टाकणं आणि त्याचा विसर पडणं यांच्या मध्ये वही उभी राहते.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि नागपूर परमुलूख झालं. पुढच्या वर्षीही मार्चमध्ये मध्य प्रदेशानं महाराष्ट्राच्या बसगाड्या थांबवल्या. तपासणीला जाणं अशक्य, तेव्हा आहारतज्ज्ञ बाई फोनवर म्हणत, ‘काकू, वही वाचून दाखवा.’ आई वाचायची. बाई मध्येच थांबवून विचारायच्या. लोहाची गोळी कधी? सकाळी. कॅल्शियमची? तीपण सकाळी, सोबतच. आणि चहा? गोळ्यांनंतर लगेच. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही, चहानंही तेच होतं. रक्तातलं लोह का वाढत नाही, याचं उत्तर वहीच्या एका आडव्या ओळीत होतं. ते वजनकाट्यानं कधीच सांगितलं नसतं. बी-12 ची तर आणखी काळजी, कारण ते शोषून घ्यायला जठरातला स्राव लागतो, आणि शाकाहारी माणसाच्या ताटात ते आधीच कमी.

एप्रिल 2020 मध्ये आईचं वजन 69 होतं. साखरेच्या गोळ्या जवळजवळ बंद झाल्या होत्या. ती मोहगावच्या अर्धनारीश्वराच्या देवळापर्यंत न बसता चालत जायची. सगळं छान चाललेलं, म्हणून 2021 च्या पावसाळ्यापासून वहीतल्या नोंदी विरळ होत जातात. आधी तारखा गळतात, मग दुपार गळते, मग पानंच्या पानं कोरी. 2022 च्या होळीपर्यंत काटा 76 वर गेला होता.

यात आई एकटी नाही. स्वीडनमध्ये 1987 पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात हेच चित्र आहे. तिथली ऑपरेशनं वेगळ्या प्रकारची होती, पण वजन एक-दोन वर्षांत तळाला गेलं, मग हळूहळू थोडं वर सरकलं आणि आठ-दहा वर्षांनी थांबलं. याच अभ्यासानं 2007 मध्ये हेही दाखवलं, की ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी राहिलं. म्हणून थोडं वाढलेलं वजन पाहून ‘ऑपरेशन वाया गेलं’ म्हणणं मला क्रूरपणाचं वाटतं. तरीही ते वजन नेमकं कुठून आलं, ते शोधायला हवं होतं.

आईनं पुन्हा लिहायला घेतलं आणि आठवडाभरात ते सापडलं. जेवण तेवढंच होतं, एक लहान भाकर, भाजी, दही. भर होती दोन जेवणांच्या मधल्या वेळात. आल्यागेल्यासोबत चहा. चहासोबत मूठभर चिवडा. नातवाच्या ताटलीतले चार कुरमुरे, शेव, नागपूरहून कुणी आणलेल्या संत्रा बर्फीचा तुकडा. भाकर-वरण त्या अरुंद नळीत अडून पोट भरल्याचं सांगतं. शेव-चिवडा चावून मऊ होतो आणि सरकून जातो, पोट काही बोलत नाही. तो किती जातो हे मोजणारं शरीरात कुणी उरलेलं नसतं, म्हणून ते वहीनं मोजायचं. ‘मले वाटे मी काहीच खात नाही,’ आई म्हणाली. ते खोटं नव्हतं. जेवायला बसून खाल्लेलं तेवढंच तिच्या लेखी खाणं होतं.

त्यानंतर रकाने बदलले. ग्रॅम आणि वाट्या गेल्या. आता तीनच गोष्टी: कधी, कुणासोबत, भूक होती का. शेवटच्या रकान्यात ती फक्त ‘होती’ किंवा ‘नव्हती’ लिहिते. वजन हळूहळू 72 वर आलं आणि तिथंच टिकून आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर तालुका त्यात गेला, तेव्हा नव्या वहीवर तिनं आपल्या हातानं जिल्हा बदलून लिहिला.

आता सौंसरकडच्या बायका विचारायला येतात. आईच्या वेळी खर्च आमच्या खिशातून झाला होता. ऑक्टोबर 2020 पासूनच्या आरोग्य विम्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 40 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा निदान 35 असेल आणि जोडीला आटोक्यात न येणारा मधुमेहासारखा आजार असेल, तर या ऑपरेशनचा खर्च मिळण्याची सोय आहे, हे मी त्यांना सांगते. आई वेगळंच सांगते. वही ऑपरेशनच्या आधी महिनाभर सुरू कर म्हणते, चहा आणि येणारी-जाणारी माणसंही लिही म्हणते, आणि जेवणाची पानं सोडून 2022 ची पानं आधी दाखवते.