एका काडीच्या रेंजवर ‘परम ब्रह्म’

भर पावसात शिरोड्याला मोबाइलच्या रेंजची एकच काडी उरली, की व्हिडिओ कॉलचा नाद सोडावा. महासंगणक मात्र तेवढ्यावर चालवता येतो. पुण्यात पाषाणला ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेत 2019 पासून ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. सुरुवातीला त्याचा कमाल वेग होता सेकंदाला 797 लाख कोटी आकडेमोडी. त्यावर खातं असलेला संशोधक सुट्टीत शिरोड्यात वेळागरला घरी आला, तरी जुना लॅपटॉप त्याला पुरतो. टर्मिनलची काळी खिडकी उघडायची, दूरच्या यंत्राशी जोडून देणारी ‘एसएसएच’ ही आज्ञा टाइप करायची, एक जागा सोडून युजरनेम, अ‍ॅटचं चिन्ह, त्या यंत्राचा पत्ता, आणि एंटर.

इथून तिथं जातात ती नुसती अक्षरं. एक कळ दाबली की शंभरएक बाइट निघतात; फोटोच्या मानाने हे काहीच नाही. पुणे इथून सरळ रेषेत तीनशेएक किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन तीन मिलिसेकंद. प्रत्यक्षात याच्या कित्येक पट लागतात, कारण केबल वळसे घेत जाते आणि टॉवरही वेळ खातो. मध्येच लाइट गेली तर? रांगेत लावलेलं गणित तिकडे चालूच राहतं. हाताने सुरू केलेलं काम मात्र जोडणीबरोबर बंद पडू शकतं. म्हणून जाणकार आधी, जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारं ‘टीमक्स’ उघडतात.

पूर्वी हेच काम ‘टेलनेट’ करायचं आणि पासवर्ड उघडाच पाठवायचं. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असे पासवर्ड चोरले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. पोर्टचा, म्हणजे यंत्रात शिरायच्या दाराचा, क्रमांकही त्यांनी मागून घेतला: फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा 21, टेलनेटचा 23, मधला 22 एसएसएचचा.

खरी करामत गुपिताची आहे. डिफी आणि हेलमन यांनी 1976 मध्ये मांडलेल्या युक्तीने दोन्ही यंत्रं एकेक संख्या उघडपणे पाठवतात आणि ती व स्वतःजवळ लपवलेली संख्या वापरून एकच गुप्त किल्ली आपापल्या जागी तयार करतात. किल्ली स्वतः तारेतून जातच नाही. चोरून ऐकणाऱ्याच्या हाती नुसता कचरा.

पण समोर बसलेलं यंत्र पुण्याचंच कशावरून? म्हणून पहिल्या जोडणीला एसएसएच त्या यंत्राचा ‘ठसा’ दाखवतं, अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ, आणि विचारतं: पुढे जायचं? बहुतेक जण न वाचता ‘येस’ ठोकतात. मध्ये कुणी तोतया असेल तर एवढं गणित तिथंच वाया जातं. पुढे कधी ठसा बदलला तर मोठ्या अक्षरांत इशारा येतो, तोही लोक वैतागून पुसून टाकतात.

तेव्हा खातं मिळेल त्याच दिवशी संगणक केंद्राकडून ठसा मागून घ्या, आणि पहिल्या ‘येस’आधी ती ओळ शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहा.