नेम धरताना तळहाताला घाम सुटतो?

1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळविले. स्वप्नील राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा. त्या दिवसापासून नेमबाजी हा खेळ आपल्या खेड्यापाड्यांतही बोलला जाऊ लागला. कोल्हापूरकरांना त्याचे नवल नव्हते. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली होती आणि राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्ण आणले होते. आता तुमच्या घरातले एखादे पोरही शाळेतर्फे किंवा एन.सी.सी.तून रेंजवर जाऊन आले असेल. नेम बरा आहे असे सरांनी सांगितले असेल. आणि घरी येऊन ते हळूच म्हणाले असेल, "आई, हाताला फार घाम येतो गं, मूठ निसटते."

ही तक्रार हसण्यावारी नेऊ नका. 10 मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ 11.5 मिलिमीटरचे असते, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे. पिस्तुलाची पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण एक फुटाचे अंतर. मूठ हातात किंचित फिरली आणि माशी खाचेतून एक मिलिमीटर जरी सरकली, तरी लक्ष्यावर ती चूक तीन सेंटिमीटरांची होते. दहाची गोळी सातावर येते. शिवाय चाप निदान 500 ग्रॅमचा असावा असा नियम आहे. ओल्या बोटाने तो ओढताना बोट घसरते, हिसका बसतो. मूठ निसटेल या भीतीने पोर ती अधिक आवळते, आवळलेला हात थरथरतो, आणि थरथर दिसली की घाम आणखी सुटतो.

हा घाम उन्हाचा नव्हे, मनाचा. तळहाताच्या घामग्रंथी ताण आला की लगेच पाझरतात, मग बाहेर थंडी का असेना. काहींचे हात लहानपणापासून असे ओले असतात. वही भिजते, सायकलची मूठ घसरते. बहुधा घरात आणखी कोणाला तरी तसेच असते. झोपेत असा घाम थांबतो, ही त्याची खूण. मात्र रात्री अंथरूण भिजण्याइतका घाम येत असेल, वजन उतरत असेल, छातीत धडधडत असेल, तर खेळ राहू द्या बाजूला आणि आधी डॉक्टरांना दाखवा. क्षय, थायरॉईड यांसारखी कारणे तपासावी लागतात.

आता एक गोष्ट तुम्हाला शेतावरचीच सांगतो. कुदळ हाती घेण्याआधी गडी हातावर का थुंकतो? कोरडा ठणठणीत हात लाकडावर सरकतो. किंचित ओल असली की पकड बसते, आणि ओल जास्त झाली की पुन्हा सुटते. म्हणून हात हाडासारखा कोरडा करणे हे नेमबाजाचे काम नव्हे. पहिल्या गोळीला जसा हात होता, तसाच साठाव्या गोळीला असावा, एवढेच त्याने पाहायचे. पावडरचा डबा हातावर उपडा करणारी मुले इथेच चुकतात. पावडर घामात मिसळली की तिचा चिखल होतो आणि तो मुठीच्या खरबरीत रेघांत जाऊन बसतो.

एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत 60 गोळ्यांना 75 मिनिटे मिळतात. म्हणजे एका गोळीला सव्वा मिनिट. त्यातला नेम धरण्याचा वेळ थोडा, बाकीचा आपला. गोळी सुटली की पिस्तूल टेबलावर ठेवावे, बोटे मोकळी करावीत आणि तळहात सुती कापडाने टिपावा. चोळू नये, टिपावा. चोळल्याने हात तापतो. जुन्या धोतराचा किंवा लुगड्याचा धुऊन मऊ झालेला तुकडा याला उत्तम, नवे टॉवेल पाणी चटकन शोषत नाहीत. दोन फडकी ठेवावीत, एक हाताला आणि एक पिस्तुलाच्या मुठीला. हे सारे सरावातही रोज आणि त्याच क्रमाने व्हायला हवे. स्पर्धेच्या दिवशी प्रथमच फडके काढले तर त्याचीच चिंता होऊन बसते.

मुठीचेही पाहावे. मूठ हातापेक्षा मोठी असली की पोर ती आवळून धरते. मूठ हाताला बेतून घ्यावी आणि तिचा पृष्ठभाग खरबरीत ठेवावा. पण येथे नियमाची रेघ आहे. पिस्तुलाची मूठ हाताच्या पलीकडे जाऊन मनगटाला टेकता कामा नये. मनगट मोकळे दिसले पाहिजे. ज्या हाताने पिस्तूल धरायचे, त्या हातावर घड्याळ, कडे किंवा मनगटपट्टी चालत नाही. क्रिकेटवाले घाम टिपायला मनगटावर पट्टी बांधतात, ती पाहून तुमचे पोर तसलीच बांधून गेले तर पंच ती काढायला लावतील. देवाचा दोरा किंवा गंडा असेल तर आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. हात मुठीला चिकटून राहावा म्हणून राळ, डिंक असले चिकट काही लावण्याच्या तर वाटेलाच जाऊ नये. गिर्यारोहक वापरतात तो खडू हाताला लावायचा असेल, तर प्रशिक्षकांना आणि साहित्य तपासणीच्या टेबलावर आधी दाखवावा.

रायफलवाल्यांना हातमोजा वापरता येतो. पण त्याच्या दोन्ही बाजूंची मिळून जाडी 12 मिलिमीटरांपेक्षा जास्त नको, तो मनगटापुढे 50 मिलिमीटरांहून अधिक जाता कामा नये आणि मनगटाशी आवळायची पट्टी नको. जाड जाकिटात अंगालाही घाम येतो, तेव्हा आत घामट होणाऱ्या नायलॉनऐवजी सुती बनियन बरी.

आता सर्वांत महत्त्वाचे. कोणीतरी सांगतो, "अहो, एक गोळी घेतली की हात थरथरत नाही आणि घामही येत नाही." ही गोळी बहुधा प्रोप्रॅनोलॉल असते. रक्तदाबासाठी आजोबांच्या डबीत असणारी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल तिचीच भावंडे. नावाच्या शेवटी "लॉल" दिसले की सावध व्हावे. ही औषधे हृदयाचे ठोके मंद करतात, म्हणून नेमबाजीत त्यांना बंदी आहे, आणि ती केवळ स्पर्धेच्या दिवशी नव्हे, एरवीही. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूने पिस्तुलाची दोन पदके जिंकली, एक रौप्य आणि एक कांस्य. तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडले आणि दोन्ही पदके गेली. पोराला दमा असेल तर ही गोळी जिवावरही बेतू शकते. तेव्हा आजोबांची डबी आजोबांपाशीच राहू द्या. अर्थात, डॉक्टरांनी मुलालाच ती खऱ्या आजारासाठी दिली असेल, तर खेळासाठी परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, प्रशिक्षकांना सांगा.

घामावर रीतसर उपाय आहेत. अॅल्युमिनियम क्लोराईडचे औषध रात्री अगदी कोरड्या तळहाताला लावून सकाळी धुऊन टाकतात. ओल्या हाताला लावले तर आग होते. काही आठवडे धीर धरावा लागतो, म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री सुरुवात करणे व्यर्थ. त्याने भागले नाही तर त्वचेचे डॉक्टर उथळ पाण्यात तळहात ठेवून सौम्य वीजप्रवाह देतात. हे काम त्यांच्या यंत्रानेच व्हायचे. मोटारीची बॅटरी किंवा घरची वायर जोडून असा प्रयोग कोणी चुकूनही करू नये. घाम कमी करणाऱ्या पोटात घ्यायच्या गोळ्याही असतात, पण त्यांनी तोंड कोरडे पडते, नजर धुरकटते आणि आपल्या उन्हाळ्यात अंगाचा घाम रोखणे धोक्याचे. नजर धुरकटलेला नेमबाज काय कामाचा? हातात टोचायच्या इंजेक्शनाने घाम थांबतो खरा, पण काही काळ बोटांची ताकद कमी होऊ शकते. शस्त्रक्रिया केली की पुष्कळदा पाठीला आणि पोटाला घाम सुटू लागतो.

डॉक्टरांकडे गेलात की पहिल्या वाक्यातच सांगा, मूल नेमबाजी खेळते आणि त्याची उत्तेजक चाचणी होऊ शकते. खोकल्याच्या औषधापासून सगळ्या चिठ्ठ्या जपून ठेवा, आणि प्रत्येक औषधाचे नाव लिहिलेला एक कागद प्रशिक्षकांकडेही देऊन ठेवा.